महजबीनची जागा

४ ऑगस्ट, सोमवार

महजबीनला लेप्टो! काल कोल्हापूरला हलवलं. बेशुद्ध आहे, श्वासाच्या मशीनवर. आमच्या मुस्लिम विद्यार्थी मंडळाला कॉलेज दोनच गोष्टींसाठी ओळखतं — स्कॉलरशिपचे फॉर्म आणि इफ्तारची बिर्याणी! आज मात्र तासाभरात प्लेटलेट्स द्यायला अकरा जण निघाले. पहिली माझी रूममेट शमिका. "मी तुमच्या मंडळात नाय म्हणून माझं रक्त चालायचं नाय काय गो?" रडूच आलं मला.

दुपारी लायब्ररीमागच्या खोलीत आम्ही मुली जोहरच्या नमाजला उभ्या राहिलो. माझ्या डावीकडे नेहमी महजबीन असते. तिची जागा मी सोडली.

६ ऑगस्ट

तहसीन आपा चिडल्या. एम.एस्सी.ला आहेत, नमाज त्याच पढवतात. "सफमध्ये, नमाजच्या रांगेत, खांद्याला खांदा लावायचा. जागा सोडली की तिथे शैतान उभा राहतो — लहानपणी शिकली नाहीस?"

शिकले की! पण ती जागा भरली तर महजबीन परत कुठे येणार? नाही सरकले. हट्टी तर हट्टी.

७ ऑगस्ट

डाव्या खांद्याला खांदा लागला. गार.

८ ऑगस्ट

आजही! सजद्यात कपाळ टेकलं तर शेजारी श्वास ऐकू आला. नमाज संपवून सलाम फेरताना डावीकडे मान वळवली — नुसती सतरंजी.

घाबरले. पण बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू? महजबीनच असणार. बेशुद्धीत माणसाची रूह फिरते म्हणतात.

१२ ऑगस्ट

शमिका माझा डबा घेऊन नमाजच्या खोलीच्या दाराशी थांबली होती. "तुझ्या बाजूला ती उंच कोण गो? नवीन ॲडमिशन?"

महजबीन तर जेमतेम माझ्या कानापर्यंत येते. शमिकाला म्हटलं, चष्मा बदल.

१४ ऑगस्ट

शुद्धीवर आली! मशीन काढलं! मंडळाने अख्ख्या कॅन्टीनला पेढे वाटले. तहसीन आपा मला मिठी मारून रडल्या.

रूह परत गेली म्हणायची. मग आज नमाजात खांदा कुणाचा लागला? नकोच तो विचार. ती परत येईपर्यंत जागा सोडायची, बस.

१ सप्टेंबर, सोमवार

महजबीन आली. पार हडकलीय, पण खळी पडते अजून. सगळ्या सफमध्ये उभ्या होत्या. मी डावीकडे हात करून म्हटलं, ये, तुझी जागा राखलीय.

ती दोन पावलं आली आणि थांबली. तोंड एवढंसं झालं.

"माझी जागा दुसरीला दिलीस होय गो?"