टोकाला बसलेला ब्रोमीन

४ फेब्रुवारी
रेणुकाने आज हद्द केली! एमएस्सीतली माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, रोज पूर्ण्याहून पॅसेंजरने येते, आणि प्रोजेक्टमध्ये चक्क बनावट आकडे! हेक्झीनला हायड्रोजन ब्रोमाइड जोडलं की ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर बसतो. बारावीचं पोरही सांगेल. हिचा म्हणे टोकाच्या कार्बनवर बसला. उत्कलनबिंदू १५५. यायला हवा १४४.

सगळ्यांसमोर विचारलं, दुसऱ्याच बाटलीतलं आणून ठेवलंस का? "मॅडम, मला तसंच यायलंय. तीनदा केलंय."

खोटारडी म्हणाले तिला. खरा आकडा आण, नाहीतर सही मिळणार नाही! रडली नाही. त्याचाच जास्त राग आला.

५ फेब्रुवारी
ब्रोमीन टोकाला बसायला पेरॉक्साइड लागतं. ते तर तिने घातलंच नाही. मग?

७ फेब्रुवारी
स्वतः केलं, सगळे जेवायला गेल्यावर. १५५!

थर्मामीटर बदलला. १५५!

८ फेब्रुवारी
हेक्झीनच्याच बाटलीतला थेंब आयोडाइड-स्टार्चच्या कागदावर टाकला. कागद निळाभोर! म्हणजे पेरॉक्साइड बाटलीतच आहे — हवा लागून लागून तयार झालेलं. पण माल तर जूनमध्ये मागवलेला, सीलबंद!

दत्तरावांना विचारलं. वीस वर्षं तेच लॅब सांभाळतात. "नवा माल आला की मी ह्याच बाटलीत ओततो की. रजिस्टरचा नंबर हिच्यावर हाय, तपासणीला हीच दाखवावी लागती."

— आणि तळाला उरलेलं?

"ते कशाला फेकायचं? राहू देतो. तुमी शिकायला होत्या तवापासून हीच बाटली हाय, मॅडम."

घरात विरजण चालवावं तसं हे पेरॉक्साइड वर्षानुवर्षं चालत आलंय. दत्तरावांना काय बोलणार? त्यांनी एक थेंब वाया जाऊ दिला नाही.

रेणुका खरी होती. मी तिला वर्गासमोर खोटारडी म्हणाले! लाज वाटते. सोमवारी वर्गासमोरच माफी मागायची.

९ फेब्रुवारी
एक गोष्ट लिहायची राहिली आहे. आज नको.

१० फेब्रुवारी
माफीसाठी उभी राहिले, तोच रेणुकाने फाइल पुढे केली. उत्कलनबिंदू १४४. "तुमी म्हणलात तसं लिहिलंय, मॅडम. पुस्तकातलं. आता सही द्या."

२००८ साली, ह्याच टेबलावर, ह्याच बाटलीतून मलाही १५५ आला होता. मीही १४४ लिहिलं होतं.