जी गाडी माझी नाही तिच्याविषयी

मी, म्युरिअल पेनफोल्ड, कै. बर्नार्ड पेनफोल्ड यांची पत्नी, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार डिचलिंग, परगणा ससेक्स, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वतःच्या समजुतीने ही निरवानिरव लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा नायजेल यास द्यावे. न्हाणीघरावरचे छप्पर गळते. त्याला तीन हिवाळे सांगते आहे. आता त्याचे त्याने पाहावे.

२. शिवणयंत्र, कोंबड्या आणि मोत्यांची माळ डोरीन टिकनर हिला. माळेवरून नणंद एथेल कुरकुरेल. माझ्या लग्नात ती म्हणाली होती, "मुलगी बरी आहे गं, पण आमच्या गाडीत शोभायची नाही." मी ते विसरलेले नाही.

३. मोटारगाडी, सन १९०२ची. ही सून प्रू हिला द्यावी अशी माझी इच्छा होती. वकील श्री. ऑलकॉर्न म्हणाले, "बाई, गाडी तुमची नाहीच. बर्नार्डनी ती नायजेलच्या नावे केलीय. जे आपलं नाही ते देणार कसं?" तेव्हा हे कलम कायद्याने पोकळ आहे. तरी ते खोडू नये.

ही गाडी आधी लुईस गावच्या एका डॉक्टरांची, मग एका जमीनदारीणबाईची. तिने तीत कोंबड्या बसवल्या. पुढे एका पाद्र्याकडून बर्नार्डने ती घेतली आणि दर नोव्हेंबरात जुन्या गाड्यांच्या फेरीत लंडनहून ब्रायटनला नेली. मी शेजारी बसायची. शिकव म्हटले की म्हणे, "तुझ्या हाताला ती ओळखत नाही. तू आपली नुसती बस."

१९८७ साली ककफील्डच्या चढावर तो बोलता बोलता गप्प झाला. त्याची मान छातीवर आली. मी हाक मारली, हलवले. तो गेला होता. गाडी चालतच होती, माणूस चालेल इतक्या वेगाने. मी त्याच्या अंगावरून वाकून चाक धरले, पण थांबवायचे कसे ते मला ठाऊक नव्हते. ब्रेकचा दांडा त्याच्या पलीकडे, गाडीच्या बाहेरच्या अंगाला. दुतर्फा माणसे रुमाल हलवीत होती. मी ओरडले, "थांबवा! कुणीतरी थांबवा!" माणसे म्हणाली, "शाब्बास आजीबाई!" एक गृहस्थ ओरडला, "म्हातारा पेंगला बघा!" सगळे हसले. मी रडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

रस्त्याकडेला चहा विकणाऱ्या डोरीनने माझा चेहरा पाहिला. किटली टाकून ती धावत आली आणि जो दांडा हाताला लागला तो ओढला, तेव्हा गाडी थांबली. त्या आधी आमची ओळखही नव्हती.

पुढल्या वर्षी मी नायजेलला म्हणाले, "मला शिकव." तो म्हणाला, "आई, या वयात? तू आपली नुसती बस." मी बसले नाही. आता तिथे प्रू बसते. मागच्या महिन्यात मी म्हटले, "निदान तिला तरी शिकव." तो म्हणाला, "तिला कुठे हौस आहे?" प्रू मान खाली घालून बटाटे सोलत राहिली.

४. गाडी ज्या तबेल्यात उभी असते तो माझ्या वडिलांचा, म्हणून माझा. तो किल्लीसह प्रूला द्यावा. ऑलकॉर्न म्हणाले, "नायजेल गाडी दुसरीकडे नेऊन ठेवेल." ठेवू दे. माझ्याकडे देण्यासारखे एवढेच आहे.

५. मला बर्नार्डशेजारी पुरावे. राग असला तरी जागा तीच.

आज दुपारी नायजेल आणि प्रू गाडी घेऊन लंडनला गेली. उद्या पहाटे तिथून फेरीला निघायचे आहे. फाटकाशी मी प्रूचा हात धरला. "बाहेरचा दांडा. ओढायचा. ध्यानात आहे ना?" ती हसली. "अहो, पण माझा हात पोचतच नाही तिथवर." नायजेलने भोंगा वाजवला आणि ती पळाली.

उद्या डोरीन मला चढावर नेऊन उभी करील. आमची गाडी कोणती ते मला दिसणार नाही. मी येईल त्या प्रत्येक गाडीकडे बघून "थांबवा!" म्हणून ओरडणार आहे. लोक हसतील.

सही: म्युरिअल पेनफोल्ड

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी वाचून घेऊन सही केली:
१. हर्बर्ट ऑलकॉर्न, वकील
२. आयव्ही स्ट्रिंजर, शेजारीण

डिचलिंग, शनिवार, ५ नोव्हेंबर २०११