शिट्टी न मारणारे पंप

दि. ४ ऑगस्ट

चि. ठकू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची खरी किंमत आधी सांगतो: एक कप गार झालेला चहा, एका गिऱ्हाइकाचा रुसवा आणि दुपारभर मामीचा अबोला, कारण पत्र तिच्या नावाने आलं होतं आणि फोडलं मी.

माणसाला कमी का ऐकू येतं यावरचा अख्खा निबंध तू चॅटबॉटकडून लिहून घेतलास. आता तुमच्या कानतपासणीच्या कोर्सच्या मॅडम म्हणतात, लेखी कुठूनही आणा, पण तोंडी परीक्षेत रिकाम्या हाताने उभं राहून पेशंटला सांगाल तसं सांगा. नाही जमलं तर रुग्णालयात पाठवणार नाही, वर्ष वाया. मॅडम मला आवडल्या. तुझ्यावरही रागावलेलो नाही. आमच्या दुकानात नवा कारागीर पंप जोडतो, तेव्हा मी त्यालाच तो पुन्हा खोलायला लावतो. कुणाला विचारून जोडलास, हे विचारत नाही. न अडखळता खोलला की काम त्याचं. तूही निबंध मिटून ठेव आणि कुणाला तरी सांगून बघ.

मला शिकवायला कुणी नव्हतं. मी कानांनी शिकलो. बेअरिंग झिजलं की बारीक शिट्टी मारतं. नुसत्या कानांवर दुकान उभं केलं. आजही रस्त्याने जाताजाता कुणाच्या घरातला पंप आजारी आहे ते सांगतो. हल्ली तर नव्या कंपनीची बेअरिंगं अशी छान येतात, की दुकानातून गेलेला एकही पंप शिट्टी मारत नाही. तरी काही गिऱ्हाइकं परत येतात, म्हणे आवाज येतो. लोकांचे कान नाजूक झालेत. आणि तुझी मामी हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. तिला जरा लिही.

लोभ आहेच, पत्रागणिक थोडा वाढवत जा.

तुझा मामा


दि. १२ ऑगस्ट

ती. मामांस, ठकूचा सा. न. वि. वि.

मामीची माफी मागितलीत का? नसेल तर आधी ती मागा, मग पुढे वाचा.

आमच्या वर्गात बॉट सगळेच वापरतात आणि सगळेच दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. पहिली येणारी म्हणते, ती फक्त व्याकरण तपासून घेते. खोलीतली मैत्रीण सरळ सांगते, तीच शंका दुसऱ्यांदा विचारली की मॅडमच्या भुवया वर जातात. बॉटला भुवयाच नाहीत. मलाही तेच आवडायचं. आधी शब्दाचा अर्थ विचारायचे, मग परिच्छेद, मग अख्खा निबंध. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं.

तुमचं ऐकून निबंध मिटला आणि मैत्रिणीला सांगायला बसले. ‘वयोमानानुसार उच्च वारंवारतेचा ऱ्हास’ एवढंच आठवलं. म्हणजे त्या माणसाचं नेमकं काय होतं, असं तिने विचारलं आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. दोन गोष्टी खऱ्याखऱ्या कळवा. किटलीची शिट्टी झाली की कोण उठतं? आणि मामी समोर बसूनही पुटपुटते, की पाठमोरी असतानाच?

माया आहे तशीच असू द्या, उत्तर मात्र लवकर द्या.

आपली ठकू


दि. १८ ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

किटली बिघडली आहे, शिट्टीच देत नाही. मामी मात्र वेळेवर उठते, तिला सवयीने कळत असावं. समोर बसली की स्पष्ट बोलते, विशेषतः मला सुनावायचं असलं की. हे विचारून तू काय शिकणार, देव जाणे. अभ्यास कर.

मामा


दि. २ सप्टेंबर

ती. मामांस सा. न.

पास झाले. सोमवारपासून रुग्णालयात.

निबंध माझा नाही हे आधीच कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, ठाऊक आहे, बोला. मग मी सांगितलं, की एक पंपवाले गृहस्थ आहेत. त्यांच्या कानांतून बारीक, उंच आवाज निघून गेले, इतके हळूहळू की त्यांना पत्ताच लागला नाही. जाड आवाज येतात, म्हणून कान ठणठणीत वाटतात. मग घरातली किटली बिघडते, बायको पुटपुटायला लागते आणि बेअरिंगं एकदम सुधारतात.

मॅडमनी विचारलं, त्यांना हे कसं सांगणार? मी म्हटलं, पत्राने. समोरासमोर माझा धीर होणार नाही.

मामा, माझे पहिले पेशंट तुम्ही व्हा. रागावलात तरी चालेल, पण या.

तुमच्याच लोभाच्या जोरावर हे लिहिण्याचं धाडस केलं.

ठकू


दि. २१ सप्टेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. तुझं पत्र मामीने मला मोठ्याने वाचून दाखवलं, शेजाऱ्यांनाही पाठ झालं असेल. म्हणून तुझ्या रुग्णालयात येऊन गेलो. कानात मशीन बसवताना तू अजून लहानपणीसारखी जीभ बाहेर काढतेस, पण हात हलका आहे. मॅडमना माझा नमस्कार सांग. मामी अजिबात पुटपुटत नाही. पूर्वी बरं होतं.

लोभ होताच, आता तो नीट ऐकूही येतो.

तुझा मामा

ता. क. आज मशीन लावून दुकान उघडलं आणि दुरुस्त करून ठेवलेले पंप एकेक चालू करून पाहिले. सगळे शिट्टी मारतात.