डाव्या हाताची सुबक, नामनिर्देशित आकृती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगांनी. आठव्याबद्दल खाली येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला अजून त्यांच्याआधी घरात शिरतो का? आमच्याकडे सगळं ठीक. तू फोनवर तीनदा विचारलंस, "हात दाखवलास का रे कुणाला?" आणि तिन्ही वेळा मी आवाज येत नसल्याचं नाटक केलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मधे बोलतेस. कागदावर निदान पान संपेपर्यंत तरी मी थोरला असतो.

आधी माझी तक्रार, कारण ती जास्त गंभीर आहे. गेले दोन महिने शाळेत मला अर्धा कप चहा मिळतो. गणिताच्या मास्तरांना भरून. (ते चहा पितात तेव्हा नळाला पाणी आलंय असं वाटून मुलं बाटल्या घेऊन धावतात.) कालपरवा लागलेल्या खेळाच्या शिक्षकालाही काठोकाठ. आणि बावीस वर्षं खडूची भुकटी खाल्लेल्या चित्रकलेच्या माणसाला अर्धा! मला वाटलं, ही मुख्याध्यापिकाबाईंची काटकसर. कारण याच वर्षी त्यांनी माझा विषयही अर्धा केला आणि उरलेला अर्धा विज्ञानाच्या बाईंच्या पदरात टाकला.

त्याला कारण मीच. विज्ञानाच्या बाई बैठकीत म्हणाल्या की मुलांनी काढलेलं हृदय बटाट्यासारखं दिसतं. मी म्हणालो, बटाटा तरी बघून काढतात का? (माझी जीभ कधी मला बढती मिळवून देणार नाही, हे आपले अप्पा म्हणायचेच.) झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच फर्मान काढलं की यापुढे विज्ञानाच्या आकृत्या चित्रकलेच्या तासाला, आणि शिकवणार कोण, तर ज्यांना सगळं कळतं ते. तेव्हापासून मी नामनिर्देशित आकृत्यांचा सरदार झालो आहे. पेन्सिल टोकदार, रेघ एकच, छाया नाही, नावांच्या रेघा पट्टीने, एक रेघ दुसरीला छेदता कामा नये, नावं उजवीकडे एकाखाली एक. आणि सगळ्यांत वर, फळ्यावर कायमचं लिहिलेलं माझं ब्रह्मवाक्य: दिसतं ते काढा, माहीत असतं ते नव्हे.

पहिल्या दिवशी मी बागेतली गोगलगाय आणून टेबलावर ठेवली. अख्ख्या वर्गाने ती सोडून पुस्तकातली काढली. दोघांनी तर तिला हसरा चेहरा दिला. गोगलगाय बिचारी तासभर जागची हलली नाही, तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मला तिच्यात माझी नोकरी दिसली. पण मी चिवट. पान, शेंग, कांदा, मेलेला भुंगा असं करत करत दोन महिन्यांत पोरांचे डोळे असे तयार केले की एकाने कांद्याच्या मुळांची संख्या माझ्याशी भांडून सत्तावन्न ठरवली. मी मोजली. सत्तावन्नच होती. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, कांदा परत आणलात का?

मग आला मानवी हात. शाळेच्या सांगाड्याचे दोन्ही हात मनगटापासून गायब आहेत. (कुणी नेले आणि कशाला, याचा विचार मी जेवणानंतर करत नाही.) तेव्हा मी माझाच डावा हात काळ्या कागदावर ठेवला, मान दाराकडे वळवली आणि पुतळ्यानेही धडा घ्यावा असा बसलो. पाच मिनिटांत एक पोरगा उठला. "सर, अंगठा दोन ठिकाणी दिसतोय. कुठला काढू?" मी म्हणालो, "एका माणसाला एका हाताला किती अंगठे असतात?" वर्ग हसला. पोरगा बसला. आणखी एकजण उठला, त्याचीही तीच कथा. त्या दोघांच्या वह्यांत मी पालकांसाठी लिहून दिलं की पाल्याचे डोळे तपासून घ्यावेत. मग सगळ्या वह्या तपासायला घेतल्या तर अंगठा आणि पहिलं बोट यांची रेघ सगळ्यांचीच दुहेरी, तिहेरी, केसाळ. अडतीस वह्या होत्या. 'रेघ एकच हवी' असं लिहून मी अडतीस जणांचा एकेक गुण कापला. पहिल्या बाकावरची एक मुलगी आहे, तिला मी वकिलीणबाई म्हणतो, कारण तिला 'गप्प बस' म्हटलं तर ती कलम विचारते. तिने अंगठ्यापासून पट्टीने सुरेख रेघ ओढून नाव लिहिलं होतं: 'अंगठा (हलतो)'. त्याभोवती मी लाल शाईने गोल केला आणि शेरा मारला: 'असंबद्ध. नीट निरीक्षण करा.'

दोन दिवसांनी त्या पहिल्या पोराची आई आली. पदर खोचलेला होता, म्हणजे चर्चा करायची नव्हती. म्हणाली, "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ह्याला घारीसारखं दिसतं. मास्तरांना आणा म्हणाले." मी तिला अनेक गोष्टी ऐकवणार होतो. त्याऐवजी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सगळ्या वह्या बाकांवर उघड्या मांडल्या. ताई, करंगळी सगळ्यांची एका रेघेत. मनगट, नखं, भाजल्याचा जुना डागसुद्धा एका रेघेत. लटपट फक्त त्या दोन बोटांत, आणि सगळ्यांची तिथेच. अडतीस साक्षीदार, एकमेकांची नक्कल नाही, आणि जबानी एक.

शाळेत चहा देणाऱ्या मावशी कप गोळा करायला आल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी अर्ध्या चहाची तक्रार त्यांच्यापुढेच मांडली. त्या म्हणाल्या, "अहो सर, भरून दिला की बशीत येतो, बशीतून तुमच्या शर्टावर. मग म्हटलं, दोनदा अर्धा देऊ. दुसऱ्यांदा तुम्हीच नको म्हणता." म्हणजे मुलांनी बघितलं, मावशींनी बघितलं, तू तर लग्नघरात पंगतीपलीकडून बघितलंस. निरीक्षण शिकवायचा पगार घेणारा तेवढा बाहेर दाराकडे बघत बसला होता.

मग मी हात बाकावर ठेवला आणि दिसतं ते बघितलं. अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरत होता, जशी काही तिथे एखादी अदृश्य गोळी वळायची आहे. ताई, तो माझा हात नव्हता. तो अप्पांचा होता, खुर्चीच्या हातावरचा. आपण दोन वर्षं त्यांना थंडी वाजते म्हणत होतो. शाली आणल्या. खिडकी बंद केली. ते हात खिशात घालून बसायचे तर आपण म्हणायचो, बघा, ऐट गेली नाही. माहीत होतं ते बघितलं आपण. शेवटी तूच त्यांना हात धरून डॉक्टरांकडे नेलंस, आणि मी त्या दिवशी शाळेत महत्त्वाचं काम आहे म्हणून गेलो नाही. (रांगोळी स्पर्धेचं परीक्षण होतं.)

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अजून दाखवला नाही. काळजी करू नकोस. उजवा हात ठणठणीत आहे, हे अक्षरावरून दिसतंच. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या मंगळवारी सकाळी दहा. मी एकटा जाऊ शकतो. बस थेट जाते.

ता. क. २. वरचं खोटं आहे. बस थेट जाते, पण मी परवा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. येशील का? बोलायचं काही नाही. नुसती शेजारी बस, डाव्या बाजूला. तुझ्या भावजयीला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ३. तिला माहीत आहे. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तर म्हणाली, "लिहिलंत का ताईंना एकदाचं? मग मी पण येते. तिघं बसू."

ता. क. ४. आज सगळ्या वह्या परत मागवून कापलेला गुण अडतीस जणांना देऊन टाकला. का, ते कुणी विचारलं नाही. लाल शाई खोडता येत नाही, म्हणून वकिलीणबाईंच्या वहीत त्या गोलाखाली लिहिलं, 'निरीक्षण बरोबर. तपासणाऱ्याची चूक,' आणि सही केली. आकृतीला शीर्षक दिलं नव्हतं, त्याचा अर्धा गुण मात्र कापला तो कापला.