पायाखालची ऊब

१२ ऑक्टोबर
आले एकदाची! सुंड्सवॉल शहरातली भाड्याची खोली सोडली आणि दोन पेट्या घेऊन ताईच्या दारात उभी राहिले. गुनवोर, माझी थोरली बहीण. भावोजी गेल्यापासून या शेतावरच्या घरात एकटीच असते. वेलदोड्याचे गोड पाव नि कॉफी तयार होती. इथे लाकडं फोडणं नाही की धूर नाही. अंगणातल्या खडकाला खोल भोक पाडलंय, त्यातून पंप जमिनीच्या पोटातली ऊब वर खेचतो आणि ती फरशीखालच्या नळ्यांतून घरभर फिरते. दारातच बूट-मोजे काढले नि अनवाणी नाचलेच. ताई म्हणाली, नाच बाई, घर तुझंच आहे. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर
पंप स्वयंपाकघरामागे घुरघुरत असतो. ताई त्याला म्हातारा म्हणते. शेजारचा सिक्स्टन आज कॉफीला आला तो बुटांसकट थेट टेबलाशी! आपल्याकडे चोरसुद्धा बूट काढून आत शिरेल. आईनं काही शिकवलं नाही वाटतं, असं मी त्याला सुनावलं. त्यानं माझ्या पावलांकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि म्हणाला, पोरी, मोजे घालत जा गं. या भट्टीत मोजे! मी पोट धरून हसले. ताई हसली नाही. ती स्वतः जाड लाकडी तळाच्या सपाता घालते, टाच दुखते म्हणे.

३ नोव्हेंबर
बाहेर बर्फ, आत ऊब. माझी पावलं मात्र गार पडतात. वय झालं, दुसरं काय! ताईनं मलम आणून स्वतः चोळलं. लोकरीचे मोजे पेटीत सापडत नाहीत. ताई म्हणते, धुवायला टाकलेत.

११ नोव्हेंबर
ताईचं मांजर मेलं. सकाळी दूध प्यायलं, फरशीवर पसरलं, दुपारी हात लावला तर दगड. फरशी मात्र छान गरम होती. माझे बूटही दारात नाहीत.

१८ नोव्हेंबर
गुडघ्याखाली काही कळत नाही. सुई टोचून पाहिली.
सिक्स्टन दारात येऊन ताईशी भांडला. मी खिडकीतून ऐकलं. म्हणाला, ते भोक कधीच गोठलंय, तुलाही ठाऊक आहे. म्हातारा आता खडकातून काही खेचत नाही, अनवाणी माणसातून खेचतो. नवऱ्यावर भागलं नाही का तुझं? ताई एवढंच म्हणाली, हळू बोल, ती ऐकेल.
म्हणजे भावोजी— म्हणजे मला बोलावलं ते—

२० नोव्हेंबर
विचारलं. नाही म्हणाली नाही. रडली. या वयात घर सोडून मी कुठे जाऊ, म्हणाली. परकं कोण आलं असतं? तू माझा शब्द कधी मोडला नाहीस, म्हणून तुला—
सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला. ती रडत होती, आणि मी तिचे डोळे पुसले. माझाच संताप येतो.

२२ नोव्हेंबर
रांगत पलंगावर चढले. पाय माझे राहिले नाहीत. समोर सिक्स्टनची खिडकी. काच ठोकली, ओरडले. त्यानं पाहिलं. नक्की पाहिलं.
पडदा ओढला त्यानं.

२३ नोव्हेंबर
मी पलंगावर आहे म्हणून घर थंड पडतंय. ताईच्या तोंडून वाफ— म्हातारा जोरात घुरघुरतोय—
ती आत आली. कपाळावरून हात फिरवला, लहानपणी तापात फिरवायची तसा. म्हणाली, राणी, वही ठेव आता. खाली घेते तुला.
काखेत हात घातलेत. किती ऊबदार हात— ताई, ही ऊब माझी आहे, ही माझी—