सुलोचनाचं आयकलं, माझं नाही

रेणूच्या बाबाले पुण्याहून शामकलाचा नमस्कार.

रेणू अन् तिचं बाळ खुशाल आहेत. बाळ तुमच्यासारखंच घोरते. फोनवर बोलताना रेणू बाजूले बसते, म्हणून हे मोबाईलवर लिहून राहिली.

काल तुम्ही हसत हसत सांगितलं, गुडघा दुखला म्हणून दुकानातून दुखीची गोळी आणली, तं शेजारच्या सुलोचनानं हातातून हिसकून घेतली. म्हणे, "भाऊजी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? डॉक्टराले इचारल्याबिगर हे खाऊ नका, आतून रक्त वाहील."

अन् तुम्ही आयकलं! एवढ्या दिवसापासून मी हेच सांगून राहिली, तवा ते कटकट होती. तिनं सांगितलं तं हुशारी काऊन झाली? मले कालपासून जेवण गोड लागत नाही. जळून राहिली मी, लपवत नाही.

दात घासताना हिरड्यातून रक्त येत होतं, ते थांबलं का? इचारलं तं तुम्ही विषय बदलला. आजच डॉक्टराले सांगा. रक्त पातळ करायची गोळी चुकली तं दुसऱ्या दिवशी दोन खाऊ नका.

सोमवारी रक्त तपासाले गोंदियाले एकटे जाऊ नका. सुलोचनाच्या स्कूटीवरच जा. बसा मात्र मागं सरकून.

तुमचीच,
शामकला