पाचवा उद्गार आणि वेस्ट्रीतला कप

तीर्थरूप बिभीषणमामांस प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी, शांतवन भालशंकर, बी.कॉम., वय चौपन्न, जुळे सोलापूर येथे राहणारा आपला सख्खा भाचा, एका चादर कारखान्याचा कार्यालय व्यवस्थापक आणि काल दुपारी दोन वाजेपर्यंत आमच्या मंडळीच्या पंचांचा चिटणीस, हे पत्र अशासाठी लिहीत आहे की काल उत्तम शुक्रवारी देवळात जे घडले ते आपल्याकडे अकलूजला इतरांकडून (म्हणजे चुकीच्या क्रमाने) पोहोचण्यापूर्वी माझ्याकडून योग्य क्रमाने पोहोचावे. आपला गुडघा कसा आहे? मामींचा मोतीबिंदू काढला का? येथे सर्व कुशल आहे.

अठरा फेब्रुवारीस, राखेच्या बुधवारी, साक्षीच्या वेळी मी उभा राहून जाहीर केले की उपवासकाळाचे चाळीस दिवस मी चहा सोडत आहे. (मनातल्या मनात सांगितले असते तरी प्रभूला ऐकू गेले असते, हे मला आता सुचते.) माझे दिवसाचे सहा कप सबंध मंडळीला ठाऊक, त्यामुळे लोक गहिवरले, पाळकसाहेबांनी उपदेशात माझे नाव घेतले, संडेस्कूलच्या मुलांनी माझे चित्र काढले (कान मोठे आहेत), आणि माझ्या त्यागाचा मान राखून पंचांनी ठराव केला की ईस्टरपर्यंत देवळाच्या आवारात कोणीही चहा करू नये. मसुदा मीच लिहिला. भाषा उत्तम झाली होती. त्याहून मोठे म्हणजे, उत्तम शुक्रवारी प्रभूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर जे सात जण बोलतात, त्यांत गेली अकरा वर्षे मला एकही उद्गार मिळाला नव्हता. यंदा पाचवा मिळाला. पाचवा म्हणजे 'मला तहान लागली आहे' हा! चहा सोडलेल्या माणसास याहून शोभणारा उद्गार नाही, असे सर्वांचे मत पडले. माझेही पडले.

नवव्या दिवशी मी मोहात पडलो. घरी शक्य नव्हते, कारण सौ.ने मला साथ म्हणून स्वतःही चहा सोडून पावडरीचा डबा शेजारी नेऊन ठेवला होता. कारखान्यात शक्य नव्हते, कारण तेथेही मी जाहीर केले होते. सोलापुरात मला ओळखत नाही अशी टपरी नाही. राहिली एकच खासगी जागा: देवळाची वेस्ट्री, जेथे पाळकसाहेबांचे झगे, गायनपुस्तकांचे कपाट आणि विजेची किटली असते. सभासदांची नोंदवही नीट लावायची आहे, या सबबीवर मी संध्याकाळी सहाला तेथे गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. त्यानंतर रोज. एक कप प्यायचा, कप फडक्याने पुसायचा आणि साखर व पावडरीसह गायनपुस्तकांच्या मागे ठेवायचा, अशी शिस्त मी लावली. (नोंदवहीही खरोखर नीट लागली. लोकांनी त्याचेही कौतुक केले.)

पंधरा मार्चच्या रविवारी उपदेश चालू असताना पहिल्या बाकावरच्या पार्वतम्मांच्या पायाखालून मुंग्यांची रांग निघालेली त्यांना दिसली. पार्वतम्मा महिला मंडळाच्या अध्यक्षा, वय त्र्याहत्तर, आणि त्यांना अर्धवट गोष्ट सहन होत नाही. त्या उठल्या, रांगेबरोबर चालत वेस्ट्रीत गेल्या आणि उपासनेसाठी उघडलेल्या कपाटातला कप वर धरून बाहेर आल्या. "अय्यो, हे बघा की! सगळ्यांनी सोडलंय आणि देवाच्या घरात चोरून चहा! कोण हाय तो?"

त्या कपाटास दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी येडूकाकांकडे. येडूकाका म्हणजे घंटा वाजवणारे व झाडलोट पाहणारे आमचे सत्तरीतले सेवक, आवारातल्या एका खोलीत एकतीस वर्षे एकटे राहणारे. माझे नाव कोणाच्या स्वप्नातही आले नाही. उलट, माझ्या निष्कलंकपणाकडे पाहून एकसदस्यीय चौकशी समिती म्हणून माझीच नेमणूक झाली! मी एकोणीस मुद्द्यांचा अहवाल लिहून 'पुरावा अपुरा' असा निष्कर्ष काढला, म्हणजे येडूकाकाही सुटावेत आणि मीही. पंचांनी तो वाचून म्हटले, काय दयाळू माणूस! आणि ठरवले की ईस्टरनंतरच्या सोमवारी येडूकाकांनी खोली रिकामी करावी.

मामा, मी तीन आठवडे गप्प राहिलो. हे वाक्य मला मोठ्या परिच्छेदात लपवता आले असते.

परवा गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना संपली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो भाग मीच खणखणीत आवाजात वाचला होता. बाहेर येडूकाका चपला ओळीने लावत होते. मी विचारले, "काका, तुम्ही पंचांपुढे एक शब्द का बोलला नाहीत?"

"काय बोलणार, साहेब? मला शुगर हाय. चहा सोडून आठ वर्सं झाली की."

"मग तेच सांगायचे!"

"सांगितलं असतं तर दुसरी किल्ली कुणाकडं हाय, ते इचारलं असतं न्हवं त्यांनी."

मग चपला लावतच ते पुढे म्हणाले, "कप रोज मीच धुवत हुतो. तुमी नुसता पुसता, साखर तळाला ऱ्हाते. नातीच्या लग्नाला मोडनिंबला गेलो, तेवढा एकच दिस चुकला अन् मुंग्या लागल्या बगा. माफी करा."

माफी, मामा! माझी! कारखान्यात टाचण्यांचा एक डबा कमी भरला तर चौकशी लावणारा मी. पण पुसून ठेवलेला कप दुसऱ्या दिवशी धुतलेला कसा सापडतो, हे मी कधी विचारले नव्हते. बी.कॉम.ला आम्ही शिकलो की नावलौकिक डोळ्यांना दिसत नाही, तरी ती मालमत्ताच असते. माझी ही मालमत्ता एक म्हातारा रोज नळाखाली धुऊन ठेवत होता, आणि मी तिच्यासाठी त्याची खोली द्यायला निघालो होतो. लोक मला काय समजतात ते मी पाठ केले होते. देव मला काय समजतो, याची चौकशीच केली नव्हती.

काल एक वाजून चाळीस मिनिटांनी पाचव्या उद्गारासाठी मी उभा राहिलो. बावीस पानांचे भाषण खिशातच ठेवले आणि सांगितले: कप माझा, साखर माझी, चहा माझा; येडूकाकांनी तीन आठवडे माझा दोष वाहिला. देऊळ हादरेल, अशी माझी अपेक्षा होती. पंखा तेवढा फिरत राहिला. मग पार्वतम्मा बसल्या जागेवरून म्हणाल्या, "म्हणजे त्या म्हाताऱ्याची खोली राहिली की नाही? तेवढं सांगा आणि बसा, शांतवन. अजून दोन उद्गार राहिलेत."

खोली राहिली! पंचांनी तेथेच माना डोलावल्या. मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला, तो अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. (कोणीतरी एकदा तरी 'नको' म्हणेल, असे वाटले होते.) तरीही, मामा, स्कूटरवरून घरी येताना मी सिग्नलला मोठ्याने गात होतो, आणि कोण बघते आहे हे वळून पाहिले नाही!

मामींस सलाम.

आपला आज्ञाधारक,
शांतवन

ता.क. १. माझ्या चहात्यागाचे फेब्रुवारीतले पत्र आपण तिकडच्या मंडळीत वाचून दाखवलेत, असे कळले. पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच की हेही तेथेच, त्याच लोकांपुढे, काहीही न वगळता वाचावे.

ता.क. २. मी उभा राहिलो, बावीस पाने खिशातच ठेवली, तो भाग सावकाश वाचावा. अशी कबुली देणारे हल्ली फार थोडे.

ता.क. ३. वरील ता.क. सौ.ने वाचले व माझ्याकडे नुसते पाहिले. ते रद्द समजावे. खोडलेले मात्र नाही. तेही वाचून दाखवावे.

शांतवन भालशंकर
सोलापूर, दि. ४ एप्रिल २०२६